कोर्टाची मेंढरं

भीमेच्या पात्रात वाळूच फार, पाणी कुठंमुठं डबक्यातलं. बेगमपूरच्या अलीकडं अशाच एका डबक्याजवळ तानाबाईची एक मेंढी मटकन खाली बसली आणि काही केल्या उठेना. तिनं मेंढीच्या तोंडावर पाणी मारलं, कान चोळले, पुठ्ठ्यावर थापा मारल्या आणि शेवटी चक्क हात जोडले. मेंढीला हात जोडणारी बाई वेडीच म्हणायची, पण तानाबाईवर वेळच तशी आली होती. परवा अकरा वाजता सोलापूरच्या सेशन कोर्टात तिला सोळा मेंढरं हजर करायची होती. पंधरा नव्हेत, सोळा. एक जरी कमी भरलं तर आपण तुरुंगात जाणार आणि आपल्या नवऱ्याचा जीव घेणारा मोकळा सुटणार, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

तिनं मेंढी उचलून मानेमागं खांद्यावर टाकली, चारी पाय छातीपाशी धरले आणि बाकीच्यांना हाकत पात्र ओलांडलं. वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. सांगोल्याच्या पलीकडच्या वाडीवरून ती निघाली त्याला आज तिसरा दिवस होता.

ही मेंढरं तिची होती आणि नव्हतीही. कागदावर ती कोर्टाची होती.

दीड वर्षामागं, कार्तिकात, तिचा नवरा गुंडा सतरा मेंढरं घेऊन सांगोल्याच्या बाजाराला निघाला तो घरी परतलाच नाही. दुसऱ्या दिवशी ओढ्यात सापडला. डोक्यात कुऱ्हाडीचा घाव होता आणि मेंढरं नाहीशी झाली होती. नवव्या दिवशी अक्कलकोटच्या बाजारात पोलिसांनी ज्ञानबा नावाच्या परगावच्या मेंढपाळाला धरलं. सतरा मेंढरं त्याच्यापाशी आणि प्रत्येकाच्या उजव्या कानाला गुंडानं केलेली खूण, एक मोठी खाच आणि तिच्याखाली एक बारीक. ज्ञानबाचं म्हणणं एकच होतं. ही मेंढरं मी जन्मात पाहिली नाहीत, पोलिसांनी आणून माझ्या गळ्यात मारली. हे तो ठाण्यात बोलला, सोलापूरच्या कोर्टात बोलला आणि गेल्या आषाढात जजसाहेबांनी फाशी सुनावली तेव्हाही हेच बोलला.

आता खुनाच्या केसमध्ये सापडलेली वस्तू म्हणजे मुद्देमाल आणि मुद्देमाल सांभाळणारा माणूस म्हणजे कोर्टाचा नाझर. सोलापूरच्या नाझराचं नाव चन्नप्पा. मोठा शिस्तीचा गृहस्थ. त्याच्या कपाटात कुऱ्हाडी, रक्ताळलेली धोतरं, विषाच्या बाटल्या अशा चिठ्ठ्या बांधून ओळीनं ठेवलेल्या असत की एखाद्या किराणा दुकानदारानं पाहून शिकावं. पण बें बें करणारा, लेंड्या टाकणारा मुद्देमाल त्याच्या वाट्याला नोकरीत प्रथमच आला. त्यानं दोन दिवस डोकं धरलं आणि तिसऱ्या दिवशी सतराही मेंढरं गुंडाच्या विधवेच्या ताब्यात दिली. कागद वाचून दाखवला. कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन, विकणार नाही, कापणार नाही, कुणाला देणार नाही. तानाबाईनं अंगठा उठवला. आपल्याच नवऱ्याची मेंढरं घरी न्यायला अंगठा कशाला, हे तिला कळलं नव्हतं. विचारायचं धाडस झालं नाही.

फाशी सुनावली त्या दिवशी तिची सासू रंभाबाई कोर्टाच्या दारातच धाय मोकलून रडली आणि मग भेटेल त्याच्या हातावर साखर ठेवत सुटली. तानाबाई मात्र चन्नप्पाला शोधत गेली.

"अण्णा, निकाल लागला नव्हं? मेंढरं आता आमची?"

चन्नप्पानं चष्मा काढून पुसला. "बाई, जन्मठेप लागली असती तर गोष्ट निराळी होती. ही फाशी आहे. तिच्यावर मुंबईच्या हायकोर्टानं शिक्कामोर्तब करायला पाहिजे. मग आरोपी दिल्लीला जाईल, मग दयेचा अर्ज. माणूस एकदा लटकवला की परत आणता येत नाही, म्हणून तोवर सगळा मुद्देमाल जिथल्या तिथं ठेवायचा."

"पर ही जित्ती हायती की अण्णा. लोखंड न्हवं."

"ते मला दिसतंय," चन्नप्पा म्हणाला, आणि त्याला खरोखरच दिसत होतं. पण नियमाच्या पुस्तकात जिवंत मुद्देमालाचं पान नव्हतं.

आणि ते साल बहात्तरचं. पाऊस आलाच नाही. विहिरींचे तळ दिसले, बाभळींना पाला राहिला नाही. वाडीवरच्या लोकांनी मिळेल त्या भावात मेंढरं फुंकून टाकली आणि बायकापुरुष सगळे सडकेच्या कामावर खडी फोडायला गेले. तानाबाईही गेली. दिवसभर खडी फोडायची, मिळेल ती परदेशी लाल मिलो ज्वारीची भाकरी अर्धी आपण खायची, अर्धी सासूला द्यायची आणि दिवस मावळायच्या आत तीन कोसांवरून लिंबाचा पाला डोक्यावर आणायचा. घरची म्हणून गुंडाची आणखी वीसेक मेंढरं होती, त्यातली अकरा तिनं विकली. कोर्टाची विकता येत नव्हती. तिकडं येरवड्यात ज्ञानबाला मात्र दोन वेळा जेवण होतं, पहाऱ्याला शिपाई होता, शिंकला तरी डॉक्टर येत होता. फाशी जाणारा माणूस धडधाकट राहिला पाहिजे, अशी सरकारची काळजी. मेंढरांची काळजी सरकारनं तानाबाईवर सोपवलेली होती आणि त्यांना काय खायला घालायचं हे तिचं तिनं बघायचं होतं.

भाद्रपदात पहिलं मेंढरू मेलं. तानाबाई इमानेइतबारे ठाण्यात गेली. हवालदार म्हणाला, मेलं कशावरून? विकून खाल्लं नसेल कशावरून? मग पंच आणा, तलाठ्याला बोलवा, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला आणा. यात चार दिवस गेले. चार दिवसांची सडकेवरची हजेरी बुडाली आणि मेंढराचं वास मारणारं कातडं पुरावा म्हणून ठाण्यात ठेवून घेतलं. जाताना हवालदारानं बजावलं, "आता सोळा. फाशीची केस हाय बाई. ह्याच्याखाली आकडा गेला तर तुलाच आत बसवीन, आन् तो बाबा सुटला तर तुझ्या सासूला तूच जबाब दे."

तानाबाईनं कानाला खडा लावला. दुसरं मेलं तेव्हा ती कुठंच गेली नाही. परसात खड्डा केला, मेंढरू पुरलं आणि घरच्या मेंढरांतलं एक उचलून कोर्टाच्या कळपात सोडलं. कानावर खूण गुंडाचीच, खाच गुंडाच्याच हातची. कुणाला काय कळणार? माघात आणखी एक गेलं, फाल्गुनात तीन, चैत्रात चार. दर खेपेला तिनं तेच केलं. होता होता कोर्टाच्या सोळांत खरी सातच उरली आणि नऊ तिच्या घरची झाली. घरी आता एकही शिल्लक नव्हतं. मधल्या काळात कोर्टाच्या एका मेंढीला कोकरू झालं, तेव्हा ते कुणाचं हे विचारायला तिनं तलाठ्याकरवी चन्नप्पाला कागद लिहिला. चन्नप्पानं वर विचारतो असं उत्तर धाडलं. वरून उत्तर येण्याआधी कोकरू मेलं.

आणि वैशाखात समन्स आलं. हायकोर्टाचं म्हणणं असं की पहिल्या वेळी कोर्टात पाचच मेंढरं दाखवली, बाकीची कागदावर मानून घेतली. माणसाच्या गळ्याचा प्रश्न आहे, तर सगळी आरोपीसमोर उभी करा, बाईकडून ओळखून घ्या आणि मग आम्हाला कळवा. रंभाबाईनं समन्सला हात जोडले. "तानू, एक बी कमी पडू दिऊ नगंस. माज्या लेकाचा हिशेब हाय त्यो."

सासूला बदललेल्या मेंढरांचा पत्ता नव्हता. त्या दिवसापासून तानाबाईची झोप उडाली. तलाठ्याला कळणार नाही, वकिलाला कळणार नाही, जजसाहेबांना तर मेंढरू आणि बोकड यांतला फरक तरी कळेल का कोण जाणे. पण ज्या माणसानं ती मेंढरं नऊ दिवस हाकली, त्यानं त्यांची तोंडं पाहिलेली होती. तो धनगर होता. धनगर नवरा-बायकोतलं भांडण विसरेल, मेंढराचं तोंड विसरणार नाही. तो एक शब्द बोलला की सगळं संपलं.

सोलापूरला पोचली तेव्हा सोळाही उभी होती. खांद्यावरून आणलेली मेंढीसुद्धा आपल्या पायांवर होती. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली दोर बांधून त्यांना कोंडलं होतं आणि भोवती ही गर्दी. पक्षकार, कारकून, चहावाले, आपली तारीख सोडून बघायला आलेले लोक. येरवड्याहून ज्ञानबाला आणायला चार पोलीस आणि एक जमादार आले होते. सरकारी वकील मुंबईचं पत्र घेऊन उभे. ज्ञानबाचा वकीलही सरकारनंच दिलेला, तरुण, घामाघूम. इतकी माणसं सोळा मेंढरांकडं इतक्या गंभीरपणे बघताना सोलापूरनं कधी पाहिली नसतील.

तानाबाईनं ज्ञानबाला पाहिलं आणि तिला ओळख पटेना. कोर्टात पाहिला होता तो काटक, काळा माणूस. हा फुगीर, फिकट झाला होता, सावलीत वाढलेल्या भोपळ्यासारखा. बेड्या घातलेले हात पोटाशी धरून तो मेंढरांकडं टक लावून बघत होता. वर्षभरात त्यानं मेंढरू पाहिलं नसणार. त्याची नजर एकेका तोंडावर थांबत होती, पुढं सरकत होती.

जजसाहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. तानाबाईला शपथ दिली.

"तुमच्या नवऱ्याकडून चोरीला गेलेली मेंढरं हीच का?"

"व्हय."

"सगळी? सोळाही?"

"व्हय साहेब. सतरावं मेलं, त्येचं कातडं ठाण्यात हाय." देवाशपथ खोटं बोलण्याची तिची ही पहिलीच वेळ.

तिनं एकेकाचा उजवा कान वर करून खूण दाखवली. तरुण वकिलानं उलटसुलट विचारून पाहिलं. खूण दुसरं कुणी करू शकतं का, कातरलेला कान किती जुना, अमुक तमुक. खाचा खऱ्याच गुंडाच्या असल्यावर ती कशाला डगमगते? वकिलानं हात टेकले. सरकारी वकिलांनी कागद आवरायला घेतले. तानाबाई मेंढरांकडं वळली. झालं, सुटलो.

"आरोपीला काही सांगायचंय?" जजसाहेबांनी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं.

वकिलानं ज्ञानबाला सकाळीच पढवून ठेवलं होतं की काहीही विचारलं तरी 'मला ठाऊक नाही' एवढंच म्हणायचं. ज्ञानबानं त्याच्याकडं पाहिलंही नाही. तो एकदम पुढं सरला. त्याचा चेहरा फुलला होता.

"साहेब, ही बाई खोटं बोलतीया. ही ती मेंढरं न्हाईत."

आवारात कुजबुज उठली. तानाबाईला वाटलं, लिंबाचं झाड आपल्या अंगावर येतंय. तरुण वकिलाचे डोळे चमकले. चुकून का होईना, अशिलानं कामाचं काही काढलं होतं.

"ह्यातली सातच हायती," ज्ञानबा बेड्यांसकट हात उचलून दाखवू लागला. "ती बांडी, ती तिच्या शेजारची, त्यो नर, ती डोळ्याला पांढरं असलेली… सात. बाकीची नवीच भरलीती. लबाड हाय बाई, साहेब. खोट्या मेंढरांवर मला फाशी देता व्हय?"

जजसाहेब पुढं वाकले. आवाज अगदी सौम्य. "तुला कसं कळलं?"

"नऊ दिस हाकली की म्या," ज्ञानबा म्हणाला. "वळखंना व्हय?"

तरुण वकिलानं डोळे मिटून घेतले. सरकारी वकिलांच्या हातातला कागद तसाच राहिला. जजसाहेबांचा लघुलेखक खाली मान घालून लिहीत होता तेवढाच आवाज. ज्ञानबा अजून हात उचलून उभा होता, कुणीतरी शाबास म्हणेल अशा थाटात. मग त्यानं वकिलाकडं पाहिलं आणि हात हळूहळू खाली आला. काय झालं ते त्याला कळलं होतं. धनगराला चुकीची मेंढरं खरी म्हणून ऐकवेनात, एवढंच त्याचं चुकलं होतं.

थोड्या वेळानं तो जज नाहीत, कोर्ट नाही अशा आवाजात तानाबाईला म्हणाला, "ती काळतोंडी कुटं गेली?"

"मेली," तानाबाई म्हणाली. "चैतात."

"चारा न्हवता?"

"कुटनं असनार?"

"लई गुनाची व्हती. सगळ्यांच्या म्होरं चालायची." तो चुकचुकला. पोलिसानं त्याचा दंड धरला आणि मागं ओढलं.

हा माणूस आपल्या नवऱ्याच्या डोक्यात कुऱ्हाड घालणारा. तानाबाईनं दीड वर्ष याचं वाईट चिंतलं होतं, आजच्या दिवसासाठी चार दिवस पायपीट केली होती. आता तो नक्की लटकणार, आणि तिला आनंद होत नव्हता. काळतोंडी गुणाची होती हे तिच्याशिवाय याच एका माणसाला माहीत होतं, याचा तिला राग आला. आणि कीवही आली. कीव आली म्हणून स्वतःचाच संताप आला.

जजसाहेबांनी तिला पुन्हा पुढं बोलावलं. तिनं सगळं सांगितलं. किती मेली, कधी मेली, कुठं पुरली.

"कोर्टाला का कळवलं नाहीत?"

"पयलं कळवलं व्हतं साहेब. चार दिस उपाशी ऱ्हायलो. समदी कळवली असती तर सासू मेली असती."

मग खोट्या साक्षीबद्दल काय करायचं ते हायकोर्ट ठरवील, असं लिहायला सांगून जजसाहेब आत निघून गेले. गर्दी पांगली. ज्ञानबाला पोलिसांनी स्टेशनाकडं नेलं. त्यानं मागं वळून पाहिलं ते मेंढरांकडं.

तासाभरानं चन्नप्पा हातात नवा कागद आणि शाईची डबी घेऊन लिंबाखाली आला.

"बाई, अंगठा."

"आता कसला?"

"सोळाही मेंढरं जबाबात आली. सात आरोपीनं ओळखली म्हणून, नऊ ओळखली नाहीत म्हणून. सगळीच मुद्देमाल."

"त्यातली नऊ माजी हायती अण्णा. माज्या घरची."

"होती," चन्नप्पा म्हणाला. "आजपासून नाहीत."

"कवापातूर?"

"फाशी होईपर्यंत. मुंबई, मग दिल्ली, मग दयेचा अर्ज. वर्ष म्हणा, दोन म्हणा. मला खोटं सांगवत नाही."

तानाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "तवर त्येला कोन जपणार?"

"सरकार."

"मग ह्यास्नी बी सरकारनंच जपावं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. काठी घेतली, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि फाटकाकडं निघाली. चन्नप्पा मागून हाका मारत राहिला. तिनं वळून पाहिलं नाही. दीड वर्षात प्रथमच तिच्यापुढं चालायला काही नव्हतं आणि मोजायला काही नव्हतं. छातीवरचा दगड उचलल्यासारखं हलकं वाटलं. सासूला काय सांगायचं ते वाटेत ठरवू. मोटारस्टँड गाठायचं, मिळेल त्या गाडीनं मंगळवेढा, तिथून पुढं पायी. पकडायला येतील तेव्हा येवोत.

फाटकाबाहेर रस्त्यावर ती पन्नास पावलं गेली असेल. मागून सायकलींच्या घंट्यांचा कल्लोळ उठला, कुणीतरी शिवी हासडली, एसटीचा भोंगा वाजला. तिनं मान वळवली. दोर केव्हाच तोडून सोळाही मेंढरं रस्त्याच्या मधोमध तिच्या मागं येत होती. बांडी पुढं, बाकीची तिच्या मागं, आणि भीमेच्या पात्रातून खांद्यावर आणलेली ती मेंढी सगळ्यांत शेवटी, लडखडत. तिच्याही मागं धोतराचा सोगा धरून, कागद उंच धरून चन्नप्पा पळत येत होता. एसटी कचकन ब्रेक लावून मेंढरांवर आली.

तानाबाई धावली. दोन्ही हात पसरून गाडीपुढं उभी राहिली आणि तोंडानं तिच्या नकळत तीच हाक निघाली, जी रोज निघायची. मेंढरं एकामागं एक रस्त्याकडेला आली. तिनं मोजली, सोळा भरली. मोजून झाल्यावर तिला रडू फुटलं.

चन्नप्पा धापा टाकत येऊन उभा राहिला. त्यानं नुसती शाईची डबी उघडून पुढं केली.

"अंगठा मागनं," तानाबाई डोळे पुसत म्हणाली. "आदी ह्यास्नी पाणी कुटं मिळंल ते सांगा."